खिळ्यावरचा नमुना

भाईदासांनी ब्लेड प्लास्टिकच्या कडेवर टेकवलं आणि तसंच उचललं. काउंटरवर त्यांच्या मुलीची, मयुरीची, पदविका पालथी पडली होती. दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिक, चारी कडा दोनदोनदा दाबून बंद केलेल्या. असं लॅमिनेशन पिंप्राळ्यात दुसरं कुणी करत नाही, हे ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत आले होते. पाण्यात बुडवा, काही होणार नाही. आता खरंच काही होत नव्हतं.

“ललितदादांना परत फोन लावू का, नाना?” मयुरीनं विचारलं.

“तो नवीन काय सांगणार?”

ललित म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांवर सरकारी शिक्का, अटेस्टेशन, आणून देणारा. मयुरीनं बालशिक्षणाची पदविका घरी बसून, दूरशिक्षणानं केलेली. मस्कतच्या ज्या शाळेत तिला नोकरी मिळत होती, तिथे ती चालेल की नाही, या काळजीत घराला धड झोप नव्हती. नात्यातल्या बायका तर तिला ‘पोस्टाची पदवी’च म्हणत. ललितनं विद्यापीठाची मान्यता तपासली, त्या वर्षीच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव शोधून काढलं, मस्कतहून होकारही आणवला. सगळं चोख निघालं. मग त्यानं मूळ कागद हातात घेतला, नखानं टिचकी मारली आणि म्हणाला, “हे कुणी केलं?”

प्लास्टिकवर सरकारी शिक्का बसत नाही, कागद उघडा लागतो. दुसरी प्रत मागवायची तर तीन-चार महिने, आणि शाळा महिनाअखेरपर्यंतच थांबणार. “हलक्या हातानं निघतंय का बघा, भाऊ,” ललित म्हणाला होता. “अक्षरं उचलली गेली, तर मात्र कागद गेला समजा.”

भाईदासांनी इस्त्री लावली होती. ऊब लागली की चिकटलेलं सैल होतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. किती ऊब, ते ठाऊक नव्हतं. आजवर लावायचंच काम केलेलं. काढून द्या म्हणत कधी कुणी आलंच नाही.

“आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघा,” झेरॉक्स मशीनमागून सुनंदाबाई म्हणाल्या.

“कशावर? नव्याचा अंदाज नाही चालायचा. जुनं पाहिजे, मुरलेलं. आणि कागद असाच जाड पाहिजे.”

“घरी गॅसवाल्याचा नंबर आहे लॅमिनेट केलेला,” मयुरी म्हणाली. “शाळेत मला कपबशी मिळाली होती बक्षीस, तीपण केली असती तुम्ही. मशीनमध्ये मावली नाही म्हणून राहिली.”

“थट्टा नंतर कर.”

सुनंदाबाई उठल्या. काउंटरच्या वर एका खिळ्याला, प्लास्टिकच्या कडेला भोक पाडून, सुतळीनं एक कागद टांगलेला असे. लॅमिनेशन कसं होतं हे दाखवायचा नमुना. मशीन आणलं त्या दिवशी पहिला हाच आत गेला होता. गिऱ्हाइकं तो वाकवून बघत, खरवडून बघत, आणि मग भाव करत. बाईंनी तो काढला, पदरानं धूळ पुसली आणि मयुरीच्या कागदाशेजारी ठेवला.

“याच्यावर बघा.”

बालवाडी शिक्षिका पदविका. अभ्यासक्रम तोच, मयुरीच्या वेळेपर्यंत त्याचं नाव तेवढं भारदस्त झालं होतं. मयुरी पाळण्यात असताना सुनंदाबाईंनी नरडाण्याला माहेरी राहून अभ्यास केला, शिरपूरला जाऊन पेपर दिले. इथल्याच एका बालवाडीनं बोलावलंही होतं. तेव्हा भाईदास म्हणाले होते, पोस्टानं आलेल्या कागदाला कोण विचारतं. मग बाईचं मन राखायला त्यांनी तो लॅमिनेट करून दुकानात लावला. लोक बघतील म्हणाले. लोक बघतच होते.

“अगं, पण हा तर तुझा...”

“तेले कोठे जानं शे?”

दुकानात सुनंदाबाई कधी अहिराणी बोलत नसत.

मयुरी वाकून नाव वाचत होती. “आई, हे तुझं आहे? मला वाटायचं, कुण्या गिऱ्हाइकाचं राहून गेलंय.”

“इस्त्री तापली,” सुनंदाबाई म्हणाल्या.

भाईदासांनी कडा कापल्या, इस्त्री फिरवली आणि वरच्या कोपऱ्यातून प्लास्टिक ओढलं. ते सरकन आलं. येताना नावाची ओळ घेऊन आलं. कागदावर नावाच्या जागी पांढरा, केसाळ पट्टा उरला. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. इस्त्री कमी केली, मधे धोतराचं फडकं घातलं, दम धरला आणि उरलेलं ओढलं. या वेळी प्लास्टिक दुधावरच्या सायीसारखं उचललं गेलं, खाली एक अक्षर हललं नाही. शेवटच्या ओळीशी त्यांचा हात थांबला.

“प्रथम श्रेणी होती तुझी?”

“होती.”

मग त्यांनी मयुरीचा कागद घेतला. तितकीच ऊब, तेच फडकं. पुढची बाजू निघाली, मागची निघाली. कागद जरासा मऊ पडला होता, पण अक्षर न् अक्षर जागेवर. मयुरीनं तो दोन पुठ्ठ्यांत ठेवला, छातीशी धरून रस्त्यापर्यंत गेली. मग परत आली, आईच्या पायाला हात लावला आणि रिक्षात बसली.

भाईदासांनी इस्त्री बंद केली. काउंटरवरचे प्लास्टिकचे तुकडे गोळा केले आणि नावाची ओळ चिकटलेला एक मागे ठेवला. तो उजेडाकडे धरला. मग खिशातून चष्मा काढला, तुकडा कागदाच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवला आणि बोटानं इकडून तिकडे सरकवू लागले. उबेनं प्लास्टिक ताणलं गेलं होतं. ‘सु’ जागेवर आला की पुढचं आडनाव ओळीबाहेर जाई. आडनाव बसवलं की ‘सु’ निसटे.

सुनंदाबाई झेरॉक्स मशीनकडे वळल्या.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईक उभं शे.”