आत्या गाडीत बसते

गावाबाहेरचं बंद पडलेलं स्टेशन पुन्हा उभं करायचं ठरलं आणि लाकडाचं सगळं काम आत्याच्या भाचीकडे आलं. सुतारकामात तिचा हात धरणारं जवळपास कुणी नव्हतं. नाक मुरडलं ते फक्त आत्याने.

"मेलेल्याला पावडर फासून काय होणार?"

आत्या त्या स्टेशनची शेवटची स्टेशनमास्तर. खाणीतला दगड न्यायला ते बांधलेलं. दगड संपला, मग दुधाचे कॅन चढू लागले. पक्का रस्ता झाला तसे तेही ट्रकने गेले. शेवटच्या दिवशी आत्याने एकटीने कुलूप लावलं. निरोपाला चिटपाखरूही फिरकलं नाही. तेव्हापासून तिने त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. आता गावाने रेल्वेवाल्यांच्या मागे लागून एक गाडी थांबवायचं कबूल करून घेतलं होतं.

भाचीने वाळवीने खाल्लेल्या चौकटी बदलल्या, तिकीटखिडकी लख्ख केली, फलाटावर बाक ठोकला. एका दुपारी ती रंधा मारत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाक उलटा बसवलायस."

छत्री टेकत आत्या उभी!

"उलटा कसा? रुळांकडे तोंड आहे की."

"म्हणूनच. वारा तिकडूनच येतो. बसणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जाते. गाडी काय, ऐकूही येते."

भाचीने स्क्रू काढले आणि बाक फिरवला. दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज हजर. चुका काढताना तोंडाचा पट्टा सुरू, पण डबा मात्र दोघींचा आणायची.

गाडी यायच्या दिवशी फलाटावर ही गर्दी! तिकीटखिडकीतला नवा कारकून अदबीने उठला. "बाई, आज तुम्ही बसा इथे."

"नको. मला तिकीट दे, शेवटच्या स्टेशनचं."

भाची चक्रावली. "आत्या, तू निघालीस कुठे?"

"जन्मभर त्या खिडकीच्या आत बसून लोकांना गावोगाव धाडलं. आपल्या फलाटावरून मी एकदाही गाडीत चढले नाही गं. बदली माणूसच मिळायचा नाही."

गाडी आली. आत्या चढली, दारात ट्रंक ठेवणाऱ्याला झापलं आणि खिडकीची जागा पटकावली.

"परत कधी येशील?" भाची धावत ओरडली.

"अगं, आधी जाऊ तर दे!" म्हणत आत्याने असा हात हलवला, जणू सगळी गर्दी तिलाच पोचवायला आली होती.