वीट तुटते तिथं

परदेशातल्या उट्रेख्ट शहरात मुलाकडं आलेल्या बिराप्पानं पहिल्याच दिवशी सायकलींची वाट अडवली. गावी म्हसवडकडं मेंढरं डांबरी रस्ता ओलांडताना एक माणूस काठी आडवी धरून मधोमध उभा राहतो. कळप पार होईपर्यंत एसटीही थांबते. इथं काठी नव्हती, म्हणून त्यानं छत्री आडवी धरली आणि नातीला म्हणाला, "चल, सृष्टी."

सायकली करकचून थांबल्या. एक बाई पडता पडता वाचली.

मागून येणारी सून राणी धावली. "आवं मामा, ही सायकलींची वाट हाय. हितं आपण थांबायचं."

"मग मगाशी गल्लीच्या तोंडाला मोटार आपल्यासाठी का थांबली?"

राणीनं दोघांना कडेला घेतलं. सोमवारपासून ती कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागणार होती. सासऱ्याला एकट्यानं पोरगी शाळेतून आणता आली नाही, तर ते काम सुटणार होतं.

"शनिवारी मी शाळेची वाट दाखवतो, आबा," मुलगा विश्वजित म्हणाला.

"तू नगं. तू फोनात बघून चालतोस."

शनिवारी बिराप्पा एकटाच जाऊन शाळेच्या वाटेवरच्या बाकावर बसला. जेवायलाही उशिरा आला.

"राणी, गल्लीच्या तोंडाला फुटपाथ खाली उतरतच न्हाई बग. फुटपाथाची वीट सरळ पलीकडं जाती. मोटारीलाच वर चढून उतरावं लागतं. दुसऱ्याच्या अंगणातनं गाडी काढल्यावानी दबकत जात्यात."

"आन् सायकलींचं?"

"तिथं वीट तुटती. लाल गुळगुळीत लागतं. ते त्यांचं. वीट हाय तवर आपलं."

राणीनं हे कधी पाहिलंच नव्हतं. तरी सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला तिनं बेकरीत पावांचे ट्रे रस्त्याकडच्या काचेजवळच्या फळीवर लावायला घेतले.

आजा-नात दोघं आली. लाल पट्ट्याशी बिराप्पा थांबला. छत्री काखेत होती. दोन सायकली गेल्या, मग तो सृष्टीचा हात धरून पार झाला. पुढं गल्लीचं तोंड. मोटार आली, बिराप्पा थांबला. मोटारही थांबली. दोघंही एकमेकांची वाट बघत राहिले. शेवटी बिराप्पानं खाली विटांकडं पाहिलं, गल्लीच्या मधोमध गेला आणि छत्री आडवी धरली. सृष्टी पार झाली.

चालकानं हात हलवला. बिराप्पानंही हलवला.

राणी पुढचा ट्रे आणायला आत गेली.