आतून ओढून धरलेलं दार

मी एक जुनी कोळीण आहे. जाळं विणून वाऱ्यावर लोंबकळणाऱ्या त्या चुलत घराण्यातली नव्हे हो! मित्रांनो, आमचं घर जमिनीत असतं. आतून रेशमाचं अस्तर, वर मातीचं झाकण, त्याला रेशमाचीच बिजागरी. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या बिळात संसार मांडला आणि अंग वाढलं तसं घर रुंद केलं. जन्मात दुसरं घर नाही.

रोपवाटिकेमागच्या ओलसर उतारावर माझं दार आहे. त्यावर मी शेवाळ लावते. माझी आई लावायची, म्हणून मीही. भोवती सगळं शेवाळच, त्यामुळे दार कुणाच्या बापाला दिसायचं नाही.

पण माळ्याच्या बायकोला झाडण्याचं वेड! रोज खराटा घेऊन उतार खरवडायची. माती टकलासारखी उघडी पडली. माझ्या दारावरचंही शेवाळ गेलं. मी लांबून आणून पुन्हा लावलं. रीत ती रीत! मग काय, उघड्या मातीत माझं हिरवं दार टिकलीसारखं उठून दिसायला लागलं. आणि आत माझी पिल्लं.

एके सकाळी माळी म्हणाला, "अगं, एवढं झाडतेस आणि हा ठिपका राहिलाच की!"

"मग तुमचे हात मोडलेत का? काढा!"

खुरप्याचं टोक दाराखाली घुसलं. मी दारात नख्या रोवल्या, पाय भिंतीला टेकले आणि ओढलं.

"अगं ए, हे आतून ओढतंय!"

"काहीतरीच तुमचं!" तिने खुरपं हिसकावून जोर लावला. बिजागरी अर्धी फाटली, पण मी दार सोडलं नाही.

तेवढ्यात तिची सासू काठी टेकत आली. वाकून म्हणाली, "आतून ओढतंय म्हणजे घरात कुणीतरी आहे. पाहुणे नकोत त्याला. तू नाही का, माझी बहीण आली की आतून कडी घालतेस?"

माळी खो खो हसला. सूनबाईंनी गाल फुगवले, पण खुरपं खाली ठेवलं. तो कोपरा ती आता झाडत नाही.

बिजागरी मी सांधली. शेवाळ परतलं. पिल्लांनी शेजारीच मसुरीएवढी दारं केलीत, तीही वाकडी. काठ घट्ट बसवा म्हणून घसा कोरडा केला, पण ऐकतंय कोण!

मित्रांनो, अंगण खुशाल झाडा, पण एखादा कोपरा राहू द्या. आणि इवलंसं दार दिसलं, तर टोकरून बघू नका. आत कुणीतरी आठही पाय रोवून ते ओढून धरलेलं असतं.