नव्या घराचा वास

वास्तुशांतीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीचा उजवा हात भिंतीच्या रंगाचा झाला. कोपरापर्यंत. मी रंगांचं कार्ड शोधून काढलं आणि तिच्या मनगटाशी धरून पाहिलं. तिसऱ्या ओळीतला चौथा, फिकट हस्तिदंती. तिच्या खोलीसाठी मी दोन महिने घोळ घालून निवडलेला, तोच.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही," मनवा म्हणाली. ती सहा वर्षांची आहे. "पण आई, धरू नकोस. अजून वाळला नाहीये."

मी आधीच धरला होता. माझ्या अंगठ्याला रंग लागला आणि तिच्या मनगटावर माझा ठसा राहिला.

मी लेबलं वाचणारी बाई आहे. बिस्किटाचा पुडासुद्धा मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फोडत नाही. श्रीधर, माझा नवरा, मला चारचौघांत 'लेबलबाई' म्हणतो. घराचं काम निघालं तेव्हा रंगाचा प्रत्येक डबा मी उलटसुलट करून वाचला. शिसं नको, उग्र काही नको, म्हणून दुकानदाराचं डोकं खाल्लं. कपाटांच्या प्लायवूडवर मात्र लेबल नव्हतं, आणि त्याच्या थरांमधल्या गोंदाला तर कुठून असणार? "तो काय दिसणार आहे का, मॅडम?" सुतार म्हणाला. मला ते पटलं. इतकी हुशार मी!

दस्तगीर पेंटर काम संपवून जाताना बजावून गेला होता. "वैनी, महिनाभर खिडक्या सताड उघड्या टाका. नवं घर श्वास सोडत असतंय. त्येला सोडू द्या, मग ऱ्हायला या."

मी हो म्हटलं. पण मुहूर्त बाराव्या दिवशी होता आणि त्यानंतरचा थेट चार महिन्यांनी. पूजेच्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, माईंनी, देवघरात समई लावली. ती पाच दिवस अखंड तेवायला हवी होती. ती तेवते आहे तोवर घरातल्या कुणी बाहेर मुक्काम करायचा नाही, असा माईंच्या माहेरचा रिवाज. समईला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या होत्या. त्या मी लावल्या. एकूण एक, माझ्या हातांनी.

पूजेला आलेले पाहुणे दारातच थांबून छाती भरून श्वास घेत होते. "अहाहा! नव्या घराचा वास!" असं म्हणत होते. मग डोळे पुसत पुसत जेवले. मीही हुरळून गेले होते. घराचं कौतुक कुणाला नको असतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मनवाच्या पलंगालगतची भिंत तापली. मी थर्मामीटर टेकवून पाहिला. एकशे एक. मनवाचा हात मात्र गार होता. थोड्या वेळाने भिंत खोकली. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. राहायला आल्या दिवसापासून मनवाला तो होता, कोरडा, आधी दोनदा आणि मग थांबून एकदा. आता मनवा खोकत नव्हती.

"बघ, गेला की नाही खोकला?" माई म्हणाल्या. "उगीच पोरीला औषधं पाजत होतीस."

श्रीधरने मनवाचा हात पाहिला. "नवीन आहे ना सगळं. मुरेल हळूहळू," तो म्हणाला आणि पुन्हा पेपर वाचू लागला. त्याच्या कानाची पाळी हॉलच्या रंगाची झाली होती, फिकट पिस्ता. मी त्याला सांगितलं नाही. मला फार भीती वाटत होती, आणि या घरात भीती वाटणारी मी एकटीच होते.

चौथ्या दिवशी मी खिडक्या उघडायला गेले. घराला सात खिडक्या होत्या. आता त्या जागी भिंत होती आणि भिंतीला कड्या होत्या. मी एक कडी काढली. कडी निघाली, भिंत उघडली नाही. मी सातही कड्या काढून पाहिल्या. मग दस्तगीरला फोन करून खिडक्यांचं, समईचं, रिवाजाचं सगळं सांगितलं.

तो लगेच आला, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. नाकावर रुमाल धरून बाहेरच उभा राहिला.

"सोडायला जागाच ठेवली न्हाई तुमी," तो म्हणाला. "म्हणून आता घर श्वास घेतंय. पोरीला भायेर काढा, वैनी. आत्ताच्या आत्ता."

मी मनवाला उचललं. ती वजनाला एखाद्या उशीइतकी झाली होती. बोळातून दाराकडे येताना तिचा हात भिंतीला लागला आणि आत गेला. खांद्यापर्यंत. मी ओढलं तेव्हा भिंतच तिच्यामागोमाग थोडी बाहेर आली आणि पुन्हा मागे गेली.

"समई हाय तवर घर कुणाला सोडणार न्हाई," दस्तगीर उंबऱ्याबाहेरून ओरडला. "तसं ठरवूनच लावलीय ना तुमी? ती विझवा आधी!"

मी मनवाला भिंतीशी उभं केलं आणि देवघराकडे धावले. देवघर दहा पावलांवर आहे. मी चाळीस मोजली, मग मोजणं सोडलं. माई समईपुढे बसल्या होत्या. केसांपासून पदरापर्यंत देवघराच्या रंगाच्या. फक्त डोळे त्यांचे होते.

"उद्या सकाळी पाच दिवस पुरे होतात," त्या म्हणाल्या. "एवढी कसली घाई?"

समईत तेल नव्हतं. काल सकाळपासूनच नव्हतं, तरी पाचही वाती जळत होत्या आणि सगळ्या ज्योती मनवाच्या दिशेने वाकल्या होत्या. दिवा फुलाने शांत करतात. मी ताम्हनातलं फूल उचललं, त्याची राख झाली.

"तोंडाने फुंकू नकोस हं," माई म्हणाल्या. "आपल्यात फुंकत नाहीत."

"मनवा!" मी हाक मारली. "येतेस ना बाळा?"

"येते," तिचा आवाज बोळातून आला, मग स्वयंपाकघरातून, मग अगदी माझ्या कानाजवळच्या भिंतीतून. "तू विझव, मग येते."

मी वाकले. फुंकर मारायची तर आधी श्वास घ्यावा लागतो. मी घेतला. गोंदाचा, रंगाचा, नव्या कपाटांचा वास आत आला. मग खोल्यांमधली सगळी हवा आली, तरी श्वास संपेना. माझे ओठ मिटेनात. समईत मला माझा चेहरा दिसत होता, फिकट हस्तिदंती, अजून ओला.

"आई," भिंत म्हणाली, आणि खोकली, आधी दोनदा आणि मग थांबून एकदा. "आता सोड ना."