दीक्षाचं पांढरं रेशीम

मी जर्मनचं जुनं घमेलं आहे, मित्रांनो. बुडाला पोचे, काठ वाकडा. येरवड्यात अख्तरबानू घरीच बायकांचे कपडे शिवायची, तिच्या मोरीत माझा जन्म गेला.

तिचा एक नेम होता. कापड धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. "आटायचं ते आधीच आटू दे," म्हणायची. त्याआधी कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबायची. चिंधीला रंग लागला, की ते कापड वेगळं धुवायचं. रेशमाला माझ्यात गार पाणी, थोडं रिठ्याचं. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं. बायका म्हणायच्या, "तुमच्या हातचा ब्लाउज कधी दगा देत नाही हो."

मग तिची बोटं आखडली. लेक मेहनाजनं काम हातात घेतलं, कपडे धुवायचं मशीन आणलं, आणि मी दाराबाहेर गेलो, मांजराच्या पाण्याला.

एके दिवशी दीक्षा आली. तिची आई नुकतीच वारलेली. आईनं लग्नात नेसलेली पांढरी रेशमी साडी तिनं पुढं केली. "ह्याचाच माझ्या लग्नाचा ड्रेस शिवा. आई जवळ असल्यासारखं वाटेल."

साडी ट्रंकेत पिवळी पडली होती. दीक्षा गेल्यावर अख्तरबानू खाटेवरून म्हणाली, "मेहनाज, घमेलं घे. एकटीच धू तिला."

"अम्मी, मशीनला नाजूक कपड्यांचं बटण आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ते लाल अस्तर पण धुवायचंय, एकदमच उरकते."

"अस्तराचा कोपरा बघितलास?"

"अस्तराचं कोण बघत बसतं!"

साडी बाहेर आली ती गुलाबी डाग घेऊन, चुरगळून. अख्तरबानूनं मला घासलं, त्या वाकड्या बोटांनी साडी बुडवली, पाणी बदलत राहिली. डाग हटले नाहीत.

दीक्षा आली. मापं द्यायला आली होती, ओली साडीच हातात घेतली.

"रंगवून मागितली नव्हती मी."

मेहनाज रडायलाच लागली. "ताई, अशीच नवी आणून देते."

"आईनं नेसलेली नवी मिळते? दुकान सांगा, जाते."

ओली साडी पिशवीत कोंबून ती निघून गेली.

मित्रांनो, माझं सोडा, मी उद्या मोडीत जाईन. पण दुसऱ्याचं कापड हातात आलं, की कोपरा ओला करून बघा. अस्तराचासुद्धा. बटणावर नाजूक लिहिलं म्हणून मशीनला माया फुटत नाही.

मेहनाज आता मला लखलखीत घासून ठेवते. ठेवू दे. दीक्षा लग्नात काय नेसली, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती होत नाही.