सात नंबरचा काटा

मावशीच्या नातीला पहिला दात आला आणि त्याच आठवड्यात मावशीच्या नवऱ्याचा शेवटचा पडला, ते वर्ष. घरातले दात काही कमी झाले नाहीत, असं तो बोळक्या तोंडाने येईल त्याला सांगत होता. त्याच वर्षी कॉलेजात एका मुलीला, तिने डोळ्यांनी पाहिलं तेच वहीत लिहिलं म्हणून, नापास करायला निघाले होते.

मावशी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. टेबलं पुसायची, वजनं मोजून परत घ्यायची, फुटलं-तुटलं मोडतोड वहीत लिहायची. अक्षरं ती बेचाळिसाव्या वर्षी शिकली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. त्यामुळे 'सल्फ्युरिक' तिला झोपेतही लिहिता यायचं, पण नवऱ्याचं नाव लिहिताना हात अडायचा.

मुलीला सगळे शंकेखोर म्हणायचे. परीक्षेला तिच्या वाट्याला आला तो जुनाच प्रयोग. दोन नादकाटे घ्यायचे, दोन्हींवर पेटीतला नंबर आणि २५६ कोरलेलं, २५६ म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. एक उभा, एक आडवा. दोन्हींच्या टोकाला नखाएवढा आरसा. बारीक भोकातून आलेला उजेड एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तिथून भिंतीवर पडतो. रबरी हातोडीने काटे वाजवले की भिंतीवर उजेडाचं कडं उमटतं. काटे अगदी सारखे असतील तर कडं जागच्या जागी राहतं. फरक असेल तर ते चपटं होतं, उलटतं, पुन्हा उघडतं; जितक्या कंपनांचा फरक, सेकंदाला तितके असे फेरे. शेजारी मीटरभर दोऱ्याला लोखंडी गोळा टांगलेला असतो, या टोकाकडून त्या टोकाला जायला त्याला एक सेकंद लागतो, त्यावर सेकंद मोजायचे.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची वही उघडली.

"सेकंदाला एका कंपनाचा फरक? काट्यांवर काय कोरलंय ते वाचलंस का?"

"वाचलं सर. पण भिंतीवर ते दिसत नाही. गोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो तेवढ्यात कडं एक फेरा पुरा करतं."

"आरशांचं वजन कमीजास्त असेल."

"आरसे अदलाबदल करून पाहिले. फरक तोच. मग सात नंबरच्या काट्याला मेणाचा ठिपका लावला. काटा आणखी जड झाला तर कडं जास्तच भराभर लोळायला लागलं. म्हणजे सातच उतरलेला आहे."

विभागप्रमुख मागेच उभे होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. ते हसले.

"अकरा वर्षं शेकडो मुलांनी हा प्रयोग केला. सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य आहे, आकृती स्थिर. तुझंच कडं तेवढं लोळतं?"

"त्यांनी भिंतीकडे पाहिलं होतं का, सर?"

"जीभ फार लांब आहे तुझी."

परीक्षकांनी तांबडं पेन काढलं. या प्रयोगात नापास म्हणजे सबंध वर्ष गेलं, हे त्या खोलीत कोणाला सांगायला नको होतं. मुलगी रडली नाही. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

मावशी वजनांचा ट्रे घेऊन मध्येच थांबली होती. अकरा वर्षं हे शब्द ऐकून तिने ट्रे खाली ठेवला. अकरा वर्षांपूर्वी तपासणी येणार होती, आणि मोठ्या सरांनी काट्यांची पेटी तिच्यापुढे आपटून सांगितलं होतं, सगळं आरशासारखं चकचकीत पाहिजे. सात नंबरच्या दोन पात्यांमधल्या बेचक्यात गंज बसला होता. चिंधीने निघेना, तेव्हा तिने कानस घेतली आणि तासभर घासलं. पुढे दरवर्षी आवराआवर करताना तिने भिंतीवरचं कडं लोळताना पाहिलं होतं. उजेडाचा तो स्वभावच असेल, असं तिला वाटायचं.

"पोरी," तिने विचारलं, "बेचक्यात घासलं तर काय होतं गं?"

"काटा तिथे बारीक होतो, जास्त वाकतो. मग सूर उतरतो. का हो मावशी?"

मोठ्या सरांनी मावशीला खूण करून सामानाच्या खोलीत नेलं.

"मावशी, जुनं उकरून काय मिळणार? ती पुढच्या वर्षी बसेल परत. तुमची निवृत्ती सहा महिन्यांवर आलीय. उपकरण बिघडवलं म्हणून तुमच्याच नावावर बसेल."

"घासलं मी, सांगितलं तुम्ही, आणि वर्ष जाणार तिचं?"

"आवाज खाली."

"अकरा वर्षं खालीच होता, सर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिने पाहिलं ते लिहिलं. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, एकदा पडदा ओढून भिंतीकडे बघायला काय झालं होतं?"

तिने कपाटातून जुनी मोडतोड वही काढली आणि सरांना ओलांडून बाहेर आली. पान तिला तोंडपाठ होतं, कारण नोकरीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती पहिली ओळ होती. आधी सगळं कारकून लिहायचा. वाकड्या अक्षरांत होतं: काटा नंबर सात. गंज. कानशीने घासला. मोठ्या सरांनी सांगितलं.

परीक्षकांनी वाचलं.

"कोणीही काहीही लिहील," मोठे सर म्हणाले.

"खाली सही कोणाची आहे?" परीक्षकांनी विचारलं.

सही मोठ्या सरांची होती. तपासणीच्या गडबडीत वहीच्या पानापानावर न वाचता ठोकलेली. मुलं भिंत न बघता लिहीत होती, हे वही न बघता सह्या करत होते. मग गुरूचंच वळण चेल्याला लागलं तर नवल कसलं?

परीक्षकांनी पडदे ओढायला लावले. स्वतः हातोडी मारली. कडं उमटलं, चपटं झालं, उलटलं. गोळा जात होता, येत होता, आणि प्रत्येक झोक्याला कडं एक फेरा घेत होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग तांबडं पेन खिशात गेलं.

मुलगी पास झाली. शेऱ्यात मात्र 'उपकरण सदोष' एवढंच आलं. मुलीचं निरीक्षण बरोबर होतं हे लिहायला कोणाचं पेन उचललं नाही. मावशीची बदली पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या गोदामात झाली. एकतीस वर्षं काटे-आरसे सांभाळलेल्या बाईला उरलेले सहा महिने खोकी उचलायला लावली. मोठ्या सरांना कोणी काही विचारलं नाही.

प्रयोगशाळेतून जाण्याच्या दिवशी तिने सात नंबरचा काटा पेटीतून काढला. तीच कानस घेतली, २५६ वर आडवी रेघ ओढली आणि दांडीवर कोरलं, २५५. शंकेखोर दारात उभी होती.

"मावशी, सरकारी वस्तू आहे ती."

"म्हणूनच खोटं बोलायला नको तिने."

मोठे सर अजून हयात आहेत. मावशीचा नवरा चार वर्षांनी गेला. मावशी स्वतः नातीला बारावं वर्ष सरत होतं त्या वर्षी, परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या सोमवारी, सकाळी वारली.