मुक्या सर्व्हरचा पत्ता

“खालून वर चढायचं, सूनबाई. खांबावर वरून कोणी चढत नाही.”

सासऱ्यांनी तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या. आता ते देवाघरी होते, पण ग्रंथालयाचा सर्व्हर अडला की तो सांभाळणाऱ्या सर्व्हरबाईंच्या कानात त्यांचा आवाज हमखास यायचा. आजही आला. आणि आजही बाई खांबाच्या शेंड्यावरच जाऊन बसल्या होत्या.

बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात अंध श्रोत्यांसाठीची सगळी पुस्तकं या एका यंत्रात होती. सकाळपासून त्याची लहर फिरली होती. पाच मिनिटं पुस्तक चाले, मग गप्प, मग पुन्हा चाले. नेमकी आजच तीन वाजता विश्वस्तांची बैठक. सर्व्हर इथे ठेवायचा, की बाहेरच्या कंपनीकडे सोपवून ही खोली आणि बाईंची खुर्ची दोन्ही मोकळी करायची, ते आज ठरणार होतं. बाईंनी घाबरून सगळ्यात वरचा, पुस्तकं पाठवणारा प्रोग्रॅमच तीनदा बंद-चालू करून पाहिला होता.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून नणंदेने डोकं बाहेर काढलं. पुस्तकं वाचायचं काम तिचं.

“वहिनी, ‘राजा घोड्यावर बसला’ इथपर्यंतच ऐकू येतंय. पुढे पडला की पोचला, विचारायला अकरा फोन आले. बारावा अध्यक्षांचा.”

“सांग, घोडा पाणी पितोय.”

“बाराव्यांदा? पोट फुटेल बिचाऱ्याचं!”

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्या उठल्या. चला, पायथ्यापासून. वायर ओढून पाहिली, घट्ट होती. मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. यंत्राला त्याचा नेटवर्कवरचा पत्ता विचारला, तोही जागेवर. मग तिथूनच सगळ्यांचे निरोप वाटणाऱ्या राउटरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारली. दहा हाकांना सहाच ओ आल्या.

“वायर तुटली असती तर दहाही गेल्या असत्या,” त्या पुटपुटल्या. “ही कुठली तऱ्हा?”

कोणत्या पत्त्यावर कोणतं नेटवर्क कार्ड आहे, याची नोंद प्रत्येक संगणक ठेवतो. बाईंनी टेबलावरच्या संगणकात ती उघडली. सर्व्हरच्या पत्त्यापुढे कार्डाच्या क्रमांकाची शेवटची अक्षरं होती ‘४सी’. मिनिटभराने पुन्हा पाहिलं, तर ‘९१’. पुन्हा पाहिलं, परत ‘४सी’.

“अगं, एका पत्त्यावर दोघं राहतायत! म्हणून तर निरोप कधी याच्या घरी, कधी त्याच्या.”

“अय्या! सर्व्हरला सवत?” नणंद डोळे मोठे करून म्हणाली.

कार्डाच्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते. ‘९१’वाली कंपनी प्रिंटर बनवत होती. बाई तडक व्हरांड्याच्या टोकाच्या ब्रेल छपाईच्या खोलीत गेल्या. नवाकोरा प्रिंटर खटाखट कागदावर ठिपके उठवत होता. छपाईवाले काका कौतुकाने त्याच्याकडे पाहत उभे होते.

“सकाळी बसवला, बाई! स्वतः, कुणाला त्रास न देता.”

“काका, पत्ता कुठला दिलात?”

त्यांनी सांगितला. “अहो, हा तर सर्व्हरचाच!”

“पण तुम्हीच तर शिकवलंत!” काकांचा चेहरा उतरला. “आधी पिंग करा, उत्तर आलं नाही तर पत्ता रिकामा. मी चार वेळा केलं. चिडीचूप!”

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात परक्यांना सर्व्हरचा सुगावा लागू नये म्हणून त्यांनीच त्याला पिंगला उत्तर द्यायची मनाई केली होती. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. दारात उभं राहून चार हाका मारल्या, आतून कोणी ओ दिली नाही, म्हणून एखाद्याने बिऱ्हाड थाटलं, तर त्याला काय बोलायचं?

त्यांनी प्रिंटरला खरोखर रिकामा असलेला पत्ता दिला. काकांना घेऊन त्या आपल्या टेबलाशी परतल्या, तर संगणकावर ‘४सी’ एकटंच उरलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेपलीकडून नणंद ओरडली, “घोडा सुटला!”

काकांना मात्र हसू येईना. “दोन महिन्यांत निवृत्त होतोय, बाई. अध्यक्षांचाच फोन आलाय, म्हणजे विचारणार, कुणी केलं. माझं नाव…”

“तुमचं नाव निघणार नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणेच केलंत. चूक माझी आहे, ती मी माझ्या तोंडाने सांगेन.”

हे ऐकून नणंदेने बैठकीला निघालेल्या बाईंना व्हरांड्यातच गाठलं. “वहिनी, वेड लागलंय का? खुर्चीचं ठरायचंय आज! ‘बिघाड होता, काढला’ म्हणा नि मोकळ्या व्हा. खोटंही नाही ते.”

“खोटं नाही गं. पण मग ते काकांकडे वळून बघतील.”

“आणि तुमच्याकडे बघितलं तर?”

“बघू देत. मला निवृत्तीला अजून वीस वर्षं आहेत, त्यांना दोन महिने.”

“धन्य आहात!” नणंद म्हणाली, पण बाईंच्या खांद्यावरची पदराची घडी तिनेच नीट केली.

तीनला पाच मिनिटं कमी होती. बैठकीच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. बाईंनी हातावरची धूळ झटकली, मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि हळू पावलांनी त्या दाराकडे चालू लागल्या.